ओडूत पगाराचा वायटीडी जुळत नाही: एप्रिल ते मार्चची बेरीज नेमकी कशी धरायची?

रबाळे_अकाउंट्स | २७ जानेवारी २०२६, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतलं युनिट आहे, १४० माणसं, त्यांतली ३५ ऑफिसची, बाकी शॉप फ्लोअरवर. हजेरी मागच्या महिन्याच्या २६ ते या महिन्याच्या २५, पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी. ऑक्टोबर २०२५ च्या पगारापासून ओडू (Odoo, हिशेब-पगाराचं सॉफ्टवेअर) सुरू झालं. एप्रिल ते सप्टेंबर एक्सेलमध्ये आहे.

सॅलरी स्लिपवर प्रत्येक हेडसमोर वर्षाची आजवरची बेरीज, म्हणजे वायटीडी, छापायची आहे. त्यासाठी सॅलरी रूल (स्लिपवरच्या एका ओळीचं सूत्र, प्रत्येकाला स्वतःचा कोड) लिहिला आहे: ग्रॉसच्या कोडची बेरीज, १ जानेवारीपासून स्लिपच्या शेवटच्या तारखेपर्यंत. अडचणी अशा:

१) डिसेंबरच्या स्लिपवर वायटीडी ग्रॉस दोनच महिन्यांचा आला. तीन हवे होते.
२) जानेवारीच्या ड्राफ्टमध्ये तोच शून्य.
३) महिना १,२५,००० वाल्या एका कर्मचाऱ्याचा टीडीएस सप्टेंबरपर्यंत ८,१२५ होता. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला १६,२५० कापला गेला, आता जानेवारीत शून्य दाखवतोय. सप्टेंबरपर्यंतचं उत्पन्न ओपनिंग (सुरुवातीचा आकडा) म्हणून टाकलेलं आहे.
४) एक कामगार डिसेंबरची स्लिप आणि पीएफचं पासबुक घेऊन आलाय. स्लिपवर पीएफची हाताने बेरीज करून दिली ती १६,२००, पासबुकात या वर्षाचे १८,०००.

तिसऱ्या तिमाहीचं २४क्यू (पगारावरच्या टीडीएसचं विवरण) ३१ जानेवारीपर्यंत भरायचं आहे, म्हणून थोडी घाई आहे.

---

वागळे_पेरोल | २७ जानेवारी, दुपारी १२:०५

पहिल्या दोन अडचणींचं मूळ तुमच्याच वर्णनात आहे, क्रमाने बघू.

ओडूमधलं बेरजेचं फंक्शन त्या कर्मचाऱ्याच्या पक्क्या झालेल्या स्लिपाच मोजतं, म्हणजे डन किंवा पेड. जी स्लिप आत्ता कॉम्प्युट होतेय ती ड्राफ्ट असते, त्यामुळे ती स्वतःला धरत नाही. डिसेंबरच्या स्लिपने म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एवढंच मोजलं. उपाय: मागची बेरीज अधिक चालू स्लिपचा ग्रॉस. हा वायटीडीचा रूल सीक्वेन्समध्ये ग्रॉस, नेट या सगळ्यांच्या नंतर ठेवा, नाहीतर चालू महिन्याचा आकडा त्याला मिळणारच नाही.

जानेवारीत शून्य आलं कारण तुमचं वर्ष १ जानेवारीला सुरू होतंय. फॉर्म्युला बाहेरून उचललेला दिसतो, तिकडे कॅलेंडर वर्ष चालतं. आपल्याकडे असं लिहायचं: स्लिपच्या शेवटच्या तारखेचा महिना बघा. तो ४ किंवा त्यापुढचा असेल तर वर्षाची सुरुवात त्याच सालातली, १ ते ३ असेल तर आधीच्या सालातली. शेवटची तारीख मुद्दाम म्हणतोय, कारण तुमची एप्रिलची स्लिप २६ मार्चला सुरू होते. सुरुवातीच्या तारखेवरून महिना काढलात तर एप्रिल मागच्या वर्षात जाईल.

आता तिसरी गोष्ट, जी तुम्हाला अजून दिसलेली नाही पण पुढच्या एप्रिलमध्ये नक्की चावेल. हे फंक्शन स्लिपची सुरुवात 'पासून' तारखेच्या दिवशी किंवा नंतर आणि शेवट 'पर्यंत' तारखेच्या दिवशी किंवा आधी असेल तरच ती स्लिप घेतं. पासून १ एप्रिल ठेवलंत तर २६ मार्च ते २५ एप्रिल ही स्लिप अख्खी गळते. एररही येत नाही, वर्षभर अकराच महिने मोजले जातात. म्हणून २६-२५ वाल्यांनी 'पासून' तारीख २६ मार्च धरायची. २६ फेब्रुवारीला सुरू झालेली मार्चची स्लिप त्यात येत नाही, एप्रिलची येते, आणि उद्या तुम्ही पगाराचा काळ १ ते ३० केलात तरीही तीच तारीख चालते.

---

कोपरखैरणे_सेक्टर४ | २७ जानेवारी, दुपारी १२:४०

वागळे सरांना +१. एक भर. वायटीडीच्या रूलची कॅटेगरी कोणती ठेवली आहे? ओडूत नेट म्हणजे बेसिक, अलाउन्स आणि डिडक्शन या कॅटेगऱ्यांची बेरीज. वायटीडीचा रूल अलाउन्समध्ये ठेवला की वर्षभराचा ग्रॉस नेटमध्ये चढतो आणि बँकेच्या फाइलमध्ये जातो. त्याच्यासाठी वेगळी कॅटेगरी करा, तिला वरची कॅटेगरी जोडू नका, आणि रूलच्या डेबिट-क्रेडिट खात्यांच्या जागा रिकाम्या सोडा.

कपातीच्या ओळी ओडूत उणे चिन्हाने असतात. पीएफचा वायटीडी उणे १६,२०० असा छापून येईल. चिन्ह उलटायचं ते फक्त छापताना, बेरजेत नाही.

आणि बेरीज नेहमी मूळ हेडच्या कोडची घ्या. वायटीडीच्या रूलचाच कोड बेरजेत घातला तर बेरजेची बेरीज होते आणि तिसऱ्या महिन्यात आकडा कुठच्या कुठे जातो.

तुमची आवृत्ती अगदी नवी असेल तर स्ट्रक्चरवरच (सॅलरी रूलांच्या संचावरच) वायटीडीचा टिक आहे आणि सेटिंगमध्ये रीसेटची तारीख देता येते. ती १ एप्रिल आहे ना, एवढं आधी बघा.

---

सानपाडा_टॅक्स | २७ जानेवारी, दुपारी २:२०

टीडीएसबद्दल मी लिहिते. या कर्मचाऱ्याचं गणित आधी कागदावर मांडू, नवी करप्रणाली धरून.

वर्षाचा पगार १५,००,०००. प्रमाणित वजावट ७५,०००. करपात्र १४,२५,०००.
४ ते ८ लाख, ५ टक्के: २०,०००
८ ते १२ लाख, १० टक्के: ४०,०००
१२ ते १४.२५ लाख, १५ टक्के: ३३,७५०
एकूण ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,७५०. म्हणजे ९७,५००, महिन्याला ८,१२५. एक्सेल बरोबर होतं.

सप्टेंबरअखेर कापलेला कर ४८,७५०. हा आकडा तुमच्या ओपनिंगमध्ये गेलेला नाही. उत्पन्न गेलं, कर राहिला. सिस्टिमने ९७,५०० भागिले उरलेले ६ महिने केलं आणि १६,२५० आलं. ओपनिंगमध्ये नेहमी जोडी जाते: करपात्र उत्पन्न आणि त्यावर कापलेला कर. यातली दुसरी बाजू सुटली की कपात फुगते. दोन्ही सुटल्या तर उलटं होतं: सिस्टिमला सहाच महिन्यांचे ७,५०,००० दिसतात, वजावटीनंतर ६,७५,०००, तो आकडा १२ लाखांच्या आत म्हणून कलम ८७अ ची सवलत मिळते आणि कर शून्य येतो. मग सगळा कर मार्चमध्ये एकदम अंगावर.

आता जानेवारीतलं शून्य. ते बरोबर आहे, पण चुकीच्या कारणाने आलंय. बरोबर अशासाठी, की ४८,७५० अधिक १६,२५० गुणिले ३ म्हणजे ९७,५००. वर्षाचा पूर्ण कर डिसेंबरमध्येच कापून झाला. पण सिस्टिमला हे कळलेलं नाही. वायटीडी १ जानेवारीला शून्य झाल्यामुळे तिला ७,५०,००० ओपनिंग आणि पुढचे तीन महिने एवढंच उत्पन्न दिसतंय, म्हणजे ११,२५,०००, आणि म्हणून पुन्हा सवलत लागून कर शून्य. कर गणनेचा तक्ता उघडा, वार्षिक उत्पन्नाच्या ओळीत १५,००,००० आहे की ११,२५,००० ते बघा. दुरुस्तीनंतर १५,००,००० दिसायला हवेत आणि कर तेव्हाही शून्यच यायला हवा.

जास्त कापलेल्या रकमेचं काय? कलम १९२(३) प्रमाणे त्याच आर्थिक वर्षात आधीची जास्त-कमी कपात पुढच्या महिन्यांत जुळवता येते. त्यामुळे जानेवारी ते मार्च शून्य, परताव्याची भानगड नाही. मात्र ३१ तारखेच्या २४क्यूमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर १६,२५० असंच दाखवा. प्रत्यक्ष कापलं आणि चलनाने भरलं तेच विवरणात जातं, "असायला हवं होतं" ते नाही.

---

ऐरोली_हिशेब | २७ जानेवारी, दुपारी ३:१५

पासबुकाचं सोपं आहे. पीएफच्या हिशेबात वर्ष 'मार्चचा पगार, भरणा एप्रिलमध्ये' इथपासून 'फेब्रुवारीचा पगार, भरणा मार्चमध्ये' इथपर्यंत चालतं. स्लिपचं वर्ष एप्रिलच्या पगारापासून. डिसेंबरच्या स्लिपपर्यंत ९ महिने, ९ गुणिले १,८०० म्हणजे १६,२००. डिसेंबरची वर्गणी १५ जानेवारीपर्यंत भरली गेली, म्हणून पासबुकात मार्च ते डिसेंबर असे १० महिने, १८,०००. दोन्ही बरोबर आहेत. स्लिपच्या तळाशी एक ओळ कायमची छापून ठेवा: 'पीएफची बेरीज एप्रिलच्या पगारापासून'. एका महिन्यात निम्मे प्रश्न थांबतात.

त्याच कामगाराला पासबुकातल्या मालकाच्या रकान्यात १,८०० न दिसता ५५० दिसतील, तेही समजावून सांगा. १५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० पेन्शनकडे जातात, उरलेले ५५० पीएफमध्ये. मालकाचे हे दोन भाग ओडूत वेगवेगळ्या कोडवर ठेवलेत तर वायटीडी पासबुकाशी रकानानिहाय ताडता येतो. एकाच कोडवर ठेवलेत तर येत नाही.

---

वागळे_पेरोल | २७ जानेवारी, सायंकाळी ४:००

ऐरोलीकरांनी पीएफचं छान मांडलं. ईएसआयसीवर (कामगार राज्य विमा) मी थोडं जास्त लिहितो, कारण शॉप फ्लोअरवर घोळ तिथेच होतो.

कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. कर्मचाऱ्याची वर्गणी दर महिन्याला पुढच्या पूर्ण रुपयावर नेतात. १८,४५० वेतनावर १३८.३७५ येतात, कापायचे १३९. सहा महिन्यांचे ८३४. कोणी वायटीडी वेतनावर दर लावून काढला तर १,१०,७०० चे ८३०.२५, म्हणजे ८३१. तीन रुपयांचा फरक, आणि शंभर माणसांवर तो लेजरमध्ये उघडा पडतो. म्हणून वायटीडी कधीही दर लावून नव्याने काढायचा नाही, स्लिपांवरच्या कापलेल्या रकमाच मिळवायच्या. व्यवसाय करालाही हेच लागू. २०० गुणिले १२ केलंत तर २,४०० येतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००.

ईएसआयसीचे दोन काळ आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. या जानेवारीत एखाद्याचा पगार २०,५०० वरून २२,३०० झाला तर २१,००० ची मर्यादा ओलांडली तरी ३१ मार्चपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि ती पूर्ण २२,३०० वर, म्हणजे महिन्याला १६८. रूलमध्ये 'या महिन्याचा पगार २१,००० पेक्षा जास्त असेल तर शून्य' अशी साधी अट असेल तर जानेवारीपासून कपात बंद पडेल. अट काळाच्या पहिल्या महिन्याच्या वेतनावर लावा. मध्येच आलेल्यांसाठी रुजू झालेल्या महिन्याच्या. ओव्हरटाइममुळे कोणी मर्यादेबाहेर जात नाही, पण ओव्हरटाइमवर वर्गणी द्यावी लागते. त्यामुळे मर्यादा तपासायचं वेतन आणि वर्गणी काढायचं वेतन हे दोन वेगळे कोड हवेत.

---

नौपाडा_एचआर | २७ जानेवारी, सायंकाळी ५:३०

महिला कर्मचाऱ्यांचा व्यवसाय कर वेगळा तपासा. २५,००० पर्यंत काहीच नाही, त्यावर २००. ओव्हरटाइम धरून एखाद्याच महिन्यात २५,९०० झाले तर त्या महिन्यात २०० कापले जातात, बाकी महिने नाही. वायटीडीवर तो एकटा २०० विचित्र दिसतो, पण तो काढून टाकू नका.

कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये, कर्मचाऱ्याचे २५ आणि मालकाचे ७५. नोव्हेंबरमध्ये सोडून गेलेल्याचा वायटीडी २५, डिसेंबरला हजर असलेल्याचा ५०.

---

घणसोली_ईआरपी | २७ जानेवारी, रात्री ८:१०

आमच्याकडे ओडूऐवजी ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर आहे, तिथली मांडणी वाचून इतरांना उपयोग होईल म्हणून लिहितो. सॅलरी स्ट्रक्चर असाइनमेंटवर दोन रकाने आहेत: आजवरचं करपात्र उत्पन्न आणि आजवर कापलेला कर. सानपाडाताई म्हणतात ती जोडी तिथे भरायची. हे कर गणनेसाठी वापरलं जातं. स्लिपवरची वायटीडी बेरीज मात्र सबमिट झालेल्या स्लिपांवरूनच होते, त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबर छापून हवं असेल तर जुन्या स्लिपा चढवाव्या लागतात. पेरोल पीरियड एप्रिल ते मार्च करून ठेवा.

एकदाच मिळणाऱ्या रकमेची काळजी सगळ्याच सॉफ्टवेअरांत घ्यावी लागते. वरच्याच १,२५,००० वाल्याला नोव्हेंबरमध्ये ६०,००० इन्सेंटिव्ह दिला तर वाढणारा कर ९,३६०. पण सिस्टिमने तो दरमहा मिळणार असं धरून उरलेले पाच महिने गुणले तर वार्षिक उत्पन्नात ३,००,००० चढतात आणि वर्षाचा कर १,५०,८०० होतो, म्हणजे ५३,३०० जास्त. वार्षिक अंदाज काढताना नियमित हेडच पुढे गुणायचे. इन्सेंटिव्ह, एरियर (मागची थकबाकी), रजेचे पैसे फक्त वायटीडीत. ईआरपीनेक्स्टमध्ये अॅडिशनल सॅलरीवर 'पूर्ण कर याच महिन्यात' असा टिक आहे, तो लावला की ९,३६० नोव्हेंबरमध्येच कापले जातात.

---

रबाळे_अकाउंट्स | २८ जानेवारी, दुपारी १:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. 'पासून' तारीख २६ मार्च केली, चालू स्लिप मिळवली, कॅटेगरी वेगळी केली, कराचं ओपनिंग ४८,७५० टाकलं. कर तक्त्यात आता १५,००,००० दिसतायत आणि जानेवारीचा कर शून्यच आहे. कामगाराला पासबुकाचं पटलं.

दोन प्रश्न उरले. एप्रिल ते सप्टेंबरचं ओपनिंग एका स्लिपवर टाकू की सहा? आणि जुलैमध्ये एप्रिलपासूनची पगारवाढ एरियर म्हणून दिली होती, ती कुठे बसवायची?

---

कोपरखैरणे_सेक्टर४ | २८ जानेवारी, दुपारी २:४५

सहा टाका. एका स्लिपने वायटीडी जुळतो, पण बोनसला महिनावार आकडे लागतात. बोनसची पात्रता २१,००० च्या वेतनावर, गणना ७,००० किंवा किमान वेतन यातलं जे जास्त त्यावर, आणि गैरहजेरी महिन्यागणिक वजा होते. वर्षाच्या एकत्र बेसिकवरून ते निघत नाही. ईएसआयसीच्या एप्रिल-सप्टेंबर काळाचे प्रश्नही महिनावारच येतात.

पद्धत अशी: 'ओपनिंग' नावाचं वेगळं स्ट्रक्चर करा. रूलचे कोड चालू स्ट्रक्चरमधलेच, अक्षरशः तेच, पण रक्कम इनपुटमधून घेणारे आणि खाती रिकामी. नाहीतर एक्सेलच्या काळात झालेल्या नोंदी लेजरमध्ये दुसऱ्यांदा पडतात. आधी पाच माणसांवर करून बघा: एक ईएसआयसीवाला, एक पीएफ मर्यादेवरचा, एक टीडीएसवाला, एक मध्येच रुजू झालेला, एक सोडून गेलेला. हे पाच जुळले की उरलेले आयात करा. सहा महिने चढले आणि टीडीएसची ओळ त्यांत आली की तुम्ही आधी टाकलेलं उत्पन्नाचं आणि कराचं ओपनिंग काढायला विसरू नका, दोन्हीकडे राहिलं तर दुप्पट धरलं जाईल.

---

वागळे_पेरोल | २८ जानेवारी, दुपारी ३:२०

एरियर जुलैच्याच स्लिपवर ठेवा. एप्रिल-मे-जूनच्या स्लिपा नव्या पगाराने पुन्हा करू नका. त्या महिन्यांचे ईसीआर (पीएफचं महिन्याचं विवरण) आणि ईएसआयसीचे भरणे जुन्या आकड्यांवर झालेले आहेत, स्लिप बदलली की भरणा आणि स्लिप यांचं नातं तुटतं. 'बेसिक एरियर', 'एचआरए एरियर' असे वेगळे कोड करा आणि बेसिकच्या वायटीडीत दोन्ही कोडांची बेरीज घ्या.

रद्द करायची स्लिप असेल तर रिफंड स्लिप काढा, ओडूचं फंक्शन ती उणे धरतं. पण तुम्ही ओळी एक्सेलमध्ये काढून 'सम-इफ्स' लावणार असाल तर रिफंडच्या ओळींचं चिन्ह तिथे स्वतः उलटवावं लागेल. आणि एकाच महिन्यात इन्सेंटिव्हची वेगळी स्लिप असेल तर ती आधी पक्की करा, मग महिन्याची मुख्य स्लिप कॉम्प्युट करा. दोन्ही ड्राफ्ट असताना त्या एकमेकींना मोजत नाहीत.

---

सानपाडा_टॅक्स | २८ जानेवारी, सायंकाळी ६:०५

दर महिन्याला पगार पक्का करण्याआधी तीन ठिकाणी ताळा घ्या.

मागच्या महिन्याचा वायटीडी अधिक हा महिना बरोबर नवा वायटीडी, हेडनिहाय, सर्व कर्मचाऱ्यांचा एकत्र. फरक आला तर बहुतेक वेळा कोणीतरी जुनी स्लिप उघडून बदललेली असते.

टीडीएस देय खात्याच्या जमा बाजूची वर्षाची बेरीज बरोबर टीडीएसचा वायटीडी. शिल्लक बघू नका, चलन भरलं की शिल्लक उतरते. टॅलीत लेजर असेल तर ऑल्ट-एफ२ दाबून काळ १ एप्रिलपासून धरा आणि जमा रकाना वाचा. पहिले सहा महिने ओडूत खात्यांशिवाय चढले असतील तर ते टॅलीच्याच लेजरमधून घ्यावे लागतील.

तिसरं, चलनं. ९२बी या (खासगी नोकरदारांच्या पगारावरच्या टीडीएसच्या) कोडाखाली भरलेल्या रकमांची बेरीज, महिनावार. फेब्रुवारीपर्यंतचा कर पुढच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत.

आणि मध्येच रुजू झालेल्यांनी फॉर्म १२बी दिला असेल तर आधीच्या मालकाकडचं उत्पन्न व कर यांना वेगळे दोन कोड द्या. कर गणनेत ते धरायचे, पण स्लिपच्या वायटीडीत आणि लेजरच्या ताळ्यात नाही. चौथ्या तिमाहीच्या २४क्यूच्या दुसऱ्या परिशिष्टात आधीच्या मालकाच्या आकड्यांना स्वतंत्र रकाने आहेत. मे महिन्यात ते एकत्र झालेल्या बेरजेतून सोडवत बसण्यापेक्षा आत्ता, जानेवारीच्या स्लिपा ड्राफ्ट असतानाच वेगळे करून टाका.

---

रबाळे_अकाउंट्स | २८ जानेवारी, रात्री ९:००

असे चार जण आहेत, त्यांचे कोड आजच वेगळे केले. पाच माणसांच्या सहा-सहा ओपनिंग स्लिपा उद्या चढवतो आणि पाचही जणांचा हेडनिहाय ताळा इथेच टाकतो.